काळ्या ठिपक्यांचा पुरावा

रावेर, यावल, चोपडा या केळीपट्ट्यात कंदाचं बेणं लावणारे शेतकरी अजून आहेत, पण जिकडेतिकडे टिश्यू कल्चरच्या बागा दिसतात. 1990च्या दशकात जैन इरिगेशनने जळगावात ग्रँड नैन वाणाची रोपं प्रयोगशाळेत वाढवायला घेतली आणि खान्देशी शेतकऱ्याच्या हाती एक जीवशास्त्रीय नवल आलं. केळीच्या कोंबाच्या टोकाचा एवढासा तुकडा काचेच्या बाटलीत पोषक द्रव्यावर ठेवायचा. त्यातून हजारो रोपं निघतात आणि सगळी एका वळणाची. कोंबाच्या टोकाशी असलेल्या मोजक्या पेशी कुठलंच एक काम अंगाला लावून घेत नाहीत. पान व्हायचं की खोड, हे त्यांचं अजून ठरलेलं नसतं. त्यांच्याच जिवावर हा कारभार चालतो.

माणसाच्या शरीरातही अशा अनिश्चित पेशी असतात. त्यांना आपण मूळपेशी किंवा सरळ स्टेम सेल म्हणतो. कातडीत असतात, आतड्यात असतात, हाडांच्या मगजात असतात. मात्र मेंदूत त्या नसतात, असं वैद्यकशास्त्र विसाव्या शतकाचा बराच काळ ठणकावून सांगत होतं. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल हे मेंदूशास्त्राचे आद्य पुरुष. 1906चं नोबेल त्यांना मिळालेलं. प्रौढ मेंदूतले मज्जामार्ग कायमचे ठरलेले असतात, तिथे मरण आहे पण नवा जन्म नाही, असा निवाडा त्यांनी 1913-14 च्या सुमारास देऊन ठेवला होता. तो खोडून काढणाऱ्या दोघांपैकी एक भारतीय होता. त्याचं नाव आपल्याकडे जवळजवळ कुणालाच माहीत नाही. त्याचं काम पुढे ज्या आजाराच्या कामी आलं, तो आजार मात्र धुळे-जळगावच्या प्रत्येक गावाला तोंडपाठ आहे.

आकडी, फिट, फेफरं, मिरगी. गाव बदललं की नाव बदलतं. माणूस पडला, डोळे फिरले, तोंडाला फेस आला की कुणी चप्पल हुंगवतो, कुणी कांदा फोडतो, कुणी मुठीत लोखंडी किल्ली कोंबतो. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपले आपणच थांबतात, त्यामुळे श्रेय कांद्याला जातं. त्या माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावं आणि झटका पाच मिनिटांपलीकडे गेला तर दवाखाना गाठावा, एवढंच करायचं असतं. चरकसंहितेत अपस्मारावर निदानस्थानात एक आणि चिकित्सास्थानात एक असे स्वतंत्र अध्याय आहेत. म्हणजे हा रोग आहे आणि त्याला उपचार आहेत, हे आपल्या वैद्यांनी फार पूर्वी मान्य केलं होतं. भगताकडे जाण्याची वाट आपण नंतर स्वतःहून धरली.

पहिलं परिणामकारक आधुनिक औषध चुकीच्या तर्कातून आलं. 11 मे 1857 रोजी लंडनच्या एका वैद्यकीय सभेत सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडने आपल्या काही स्त्री रुग्णांचे झटके थांबल्याचं सांगितलं. लोकॉक हे राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ. आकडीचा संबंध कामवासनेशी आहे अशी त्या काळची समजूत होती आणि ब्रोमाइड वासना शमवतं म्हणून त्यांनी ते दिलं. तर्क फोल ठरला, औषध लागू पडलं. (त्याच वर्षीच्या उठावाच्या धामधुमीत सातपुड्यात खाज्या नाईक आणि त्याचे भिल्ल इंग्रजांच्या नाकी नऊ आणत होते. राणीच्या डॉक्टरकडे लक्ष द्यायला खान्देशला तेव्हा सवड नव्हती.)

पुढचं औषधही अपघातानेच सापडलं. 1912 साली जर्मनीत फ्रायबुर्गच्या इस्पितळात आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर वॉर्डाच्या वरच राहायचा. रात्री रुग्णांना झटके आले की त्याची झोपमोड व्हायची. त्यांना शांत झोप लागावी म्हणून त्याने फेनोबार्बिटल ही झोपेची नवी गोळी दिली. झोप तर लागलीच, शिवाय दिवसाचे झटकेही कमी झाले. हाउप्टमान ज्यू होता. नाझींनी त्याची प्राध्यापकी घेतली, 1938 मध्ये त्याला डाखाऊच्या छळछावणीत टाकलं. सुटून तो अमेरिकेत गेला आणि 1948 मध्ये तिकडेच वारला. त्याची गोळी मात्र आजही जगातल्या सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. 1938 मध्ये अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन आणलं. ते मात्र अपघाताने नव्हे, मांजरांवर एकामागून एक रसायनं तपासून.

गोळ्यांनी साधारण शंभरातल्या सत्तर रुग्णांचे झटके आटोक्यात येऊ शकतात. उरलेल्या तिसांचं काय करायचं, इथून शस्त्रक्रियेची गोष्ट सुरू होते. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये 1934 साली वाइल्डर पेनफील्ड यांनी न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली. रुग्ण जागा ठेवून, फक्त कातडी बधिर करून ते कवटी उघडत. मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा बारीक स्पर्श करत जात, रुग्णाला काय जाणवतं ते विचारत आणि त्या त्या जागी आकडा लिहिलेला कागदाचा चिमुकला कपटा ठेवत. वाचा कुठे, हाताची हालचाल कुठे, झटक्याची पहिली जाणीव कुठे, याचा नकाशा असा उलगडत जाई. मग झटक्याचं मूळ असलेला भाग नेमका कापता येई. त्यांच्या हाताखाली शिकून डॉ. जेकब चांडी यांनी 1949 मध्ये वेल्लोरला मेंदूशस्त्रक्रिया सुरू केली. आकडीवरच्या भारतातल्या पहिल्या शस्त्रक्रिया 1952 पासून तिथेच झाल्या. पेनफील्डांचेच दुसरे शिष्य डॉ. राम गिंडे मुंबईत परतले. तिथल्या केईएम रुग्णालयात डॉ. एडी भरुचा यांनी न्यूरॉलॉजीचा पाया घातला आणि 1970 मध्ये इंडियन एपिलेप्सी असोसिएशन उभी करण्यात पुढाकार घेतला. खान्देशातून रात्रीच्या गाडीने दादर किंवा सीएसटी गाठून केईएम वा जे. जे.च्या ओळीत उभं राहायचं, हा कित्येक घरांचा शिरस्ता या मंडळींच्या कामामुळे पडला.

भरुचा कुटुंबीयांनी मुंबईच्या पारशी वस्तीत चौदा हजारांवर लोकांची घरोघर पाहणी केली. ती 1988 मध्ये छापली गेली. दर हजारी पावणेपाचच्या आसपास लोकांना आयुष्यात कधीतरी आकडीचा आजार झालेला आढळला. प्रमाण असं, म्हणजे मध्यम आकाराच्या कुठल्याही गावात पाच-दहा घरं यात आली. आणि त्याच काळात आपला कायदा काय सांगत होता? 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात 'वारंवार येणारे वेडाचे किंवा अपस्माराचे झटके' ही विवाहाला आडकाठी ठरवली. ती दुरुस्ती कुठल्या पुराव्यावर केली, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. अपस्माराचा उल्लेख तिथून काढायला डिसेंबर 1999 उजाडावा लागला. तेवीस वर्षं कायदाच सांगत होता, तेव्हा मुलीची गोळी पिठाच्या डब्यात लपवणाऱ्या आईला कोणत्या तोंडाने बोल लावायचा?

आता मेंदूच्या आत. कानाच्या वर, कपाळाच्या बाजूला आत खोल हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आडवा कापला तर समुद्रघोड्यासारखा वळलेला दिसतो, नावही त्यावरूनच पडलं. मोठ्या माणसांच्या हट्टी आकडीचं मूळ अनेकदा इथे असतं. 1953 मध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलायसन या 27 वर्षांच्या रुग्णाच्या दोन्ही बाजूंचा हा भाग काढून टाकला. झटके बरेच कमी झाले. पण त्या दिवसानंतर भेटलेलं एकही माणूस हेन्रीला लक्षात राहिलं नाही. तो 2008 पर्यंत जगला आणि ज्या संशोधिकेने त्याला वर्षानुवर्षं तपासलं तिलाही दर वेळी नव्याने भेटत राहिला. एका बाजूचं काढणं पुढे सुरक्षित ठरलं, आजही ती शस्त्रक्रिया होते. पण कापण्याला मर्यादा आहे, हे हेन्रीने कायमचं शिकवून ठेवलं. कापता येत नसेल तर भरून काढता येईल का? काहालच्या निवाड्यामुळे तेव्हा हा प्रश्न विचारण्यातही अर्थ नव्हता.

तो अर्थ दिला जोसेफ आल्टमन आणि गोपाल दास यांनी. आल्टमन बुडापेस्टचे, महायुद्धातल्या ज्यू छळातून वाचलेले. शिक्षण मानसशास्त्राचं, मेंदूच्या शरीररचनेच्या मातब्बर घराण्यांशी संबंध नाही. दास भारतातून गेलेले. दोघं बॉस्टनजवळच्या एमआयटीत एका प्रयोगशाळेत होते.

प्रयोग दिसायला साधा. पेशी दुभंगताना तिला नवा डीएनए बनवावा लागतो आणि त्यासाठी थायमिडीन लागतं. आल्टमनांनी या थायमिडीनला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावली आणि ते उंदरांना टोचलं. जी पेशी त्या वेळी नव्याने जन्माला येत असेल तिच्याच केंद्रकात ती खूण बसणार. मग काही काळाने मेंदूच्या कागदापेक्षा पातळ चकत्या करायच्या, फोटोच्या फिल्मवर असतो तसा द्रव त्यावर अंधारात चढवायचा आणि डबे बंद करून आठवडेच्या आठवडे थांबायचं. किरणोत्साराने त्या द्रवातली चांदी काळी पडते. चकती धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली की केंद्रकावर काळ्या ठिपक्यांची रांगोळी दिसते. ठिपके असलेली पेशी खूण टोचल्यानंतर जन्मली, एवढाच त्याचा अर्थ.

1962 मध्ये आल्टमन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात प्रौढ प्राण्यांच्या मेंदूत नव्या मज्जापेशी तयार होतात का, असा प्रश्नार्थक मथळा देऊन लेख लिहिला. 1965 मध्ये आल्टमन आणि दास या दोघांच्या नावाने मोठा लेख आला. जन्मानंतर बऱ्याच काळाने उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, त्यातल्या डेंटेट गायरस या वळलेल्या पट्ट्यात, नव्या पेशी बनतात आणि मज्जापेशींच्या रांगेत जाऊन बसतात, हे त्यात चित्रांनिशी दाखवलं होतं. पुढे दोघं इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात गेले. 1971 मध्ये त्यांनी आणखी एक उडी मारली. एका उंदराच्या पिल्लाच्या लहान मेंदूतल्या, अजून मज्जापेशी न झालेल्या पेशींना खूण लावून त्या दुसऱ्या पिल्लाच्या मेंदूत सोडल्या आणि त्यांचं काय होतं ते पाहिलं. त्या तगल्या. दास यांनी उरलेली कारकीर्द याच विषयाला वाहिली. मेंदूत पेशी रुजवण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांचा हिशोब करावा लागतो.

आणि मग काय झालं? फारसं काही नाही. लेख वाचले गेले, बाजूला ठेवले गेले. ठिपके खरे, पण त्या पेशी मज्जापेशीच आहेत कशावरून, अशी शंका निघाली. शंका रास्त होती. तिचं उत्तर मिळाल्यावरही ती सोडायला कुणी तयार नव्हतं, हे मात्र रास्त नव्हतं. 1977 मध्ये मायकेल कॅप्लान यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याच पेशींवरचे मज्जासंधी दाखवले. तेही कुणी फार मनावर घेतलं नाही आणि कॅप्लान संशोधन सोडून वैद्यकीच्या वाटेला लागले. 1985 मध्ये येल विद्यापीठाचे पास्को राकिच यांनी माकडांवरच्या अभ्यासातून, निदान प्रायमेटांच्या मेंदूत तरी हे होत नाही, असं सांगितलं. राकिच यांचा शब्द जड होता. धुळ्यात इतिहाससंशोधक राजवाडे जुन्या वाड्यांच्या माळ्यावरून धूळ खात पडलेली दप्तरं काढून आणत, तशी आल्टमन-दास यांची पानं 1990च्या दशकात कुणीतरी पुन्हा उघडली म्हणून बरं. मधल्या काळात फर्नांदो नॉटेबोम यांनी कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत नव्या मज्जापेशी जन्मतात हे इतक्या स्वच्छपणे दाखवलं होतं की विषय टाळणं अवघड झालं. 1998 मध्ये स्वीडनचे पीटर एरिक्सन आणि अमेरिकेचे फ्रेड गेज यांनी काही कर्करुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. उपचारांच्या काळात या रुग्णांना पेशींवर खूण करणारं रसायन दिलं गेलं होतं. त्यांच्या डेंटेट गायरसमध्ये खुणेच्या पेशी सापडल्या. माणसातला हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. 2018 मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन नामवंत गटांनी अगदी उलटसुलट निष्कर्ष छापले. उंदरांबद्दल मात्र आता वाद उरला नाही.

आकडीशी याची गाठ 1997 मध्ये पडली. जॅक पॅरेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये औषधाने दीर्घ झटका आणला आणि पाहिलं तर डेंटेट गायरसमध्ये नव्या पेशींचा जन्म कितीतरी वाढला होता. कुणालाही वाटेल, मेंदू स्वतःची डागडुजी करतोय. पण यातल्या बऱ्याच पेशी भलत्याच जागी जाऊन बसत होत्या, चुकीच्या जोडण्या करत होत्या आणि झटक्यांना आणखी वाट करून देत असाव्यात अशी चिन्हं दिसत होती. म्हणजे नवी पेशी जन्मणं पुरेसं नाही. ती कोणत्या जातीची आहे आणि कुठे बसते, यावर सगळं अवलंबून.

जात महत्त्वाची, कारण मेंदूत ढोबळमानाने दोन प्रकारच्या मज्जापेशी असतात. एक पुढच्या पेशीला चेतवते, दुसरी गाबा हे रसायन सोडून आवरते. आकडीच्या हिप्पोकॅम्पसमध्ये आवरणाऱ्या पेशी अनेकदा मेलेल्या असतात. तेव्हा पेरायच्या तर आवरणाऱ्याच पेरायला हव्यात. गर्भाच्या वाढत्या मेंदूत त्यांचं एक ठरलेलं जन्मस्थान आहे आणि तिथल्या कोवळ्या पेशींचा मोठा गुण म्हणजे त्या चालतात. एका जागी सोडल्या की आपल्या आपण लांबवर पसरतात आणि जाळ्यात शिरतात. कॅलिफोर्नियात जॉन रुबेनस्टाइन आणि आर्तुरो अल्वारेझ-बुइया यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हे उलगडलं. स्कॉट बाराबन यांच्या गटाने 2009 मध्ये अशा पेशी उंदरांत घालून झटके कमी होतात हे दाखवलं.

याच वाटेवर भारतीय वंशाचे अशोक शेट्टी यांनी जवळजवळ सगळी कारकीर्द घालवली. ड्यूक विद्यापीठात डेनिस टर्नर यांच्यासोबत त्यांनी 1990च्या दशकात जखमी हिप्पोकॅम्पसमध्ये गर्भातल्या पेशी रुजवण्याचे प्रयोग केले, पुढे ते टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेले. तोवर जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये साध्या कातडीच्या पेशीला पुन्हा मूळपेशी बनवण्याची किमया शोधली होती, त्यामुळे गर्भावर अवलंबून राहायची गरज उरली नव्हती. 2019 मध्ये शेट्टींच्या गटाने माणसाच्या अशा पेशींपासून आवरणाऱ्या मज्जापेशींचे पूर्वज घडवले आणि दीर्घ झटका येऊन गेलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सोडले. पुढचे झटके कमी झाले, स्मृती आणि वागणूक सुधारली. मला यातला सर्वांत आवडलेला भाग वेगळाच आहे. त्यांनी पेरलेल्या पेशींत एक जनुकीय कळ आधीच बसवली होती. विशिष्ट औषध दिलं की फक्त त्याच पेशी गप्प बसतात. त्या गप्प केल्या आणि झटके पुन्हा वाढले. म्हणजे गुण योगायोगाने आलेला नव्हता, रुजलेल्या पेशीच काम करत होत्या. आल्टमन-दास यांना ज्या शंकेने तीस वर्षं छळलं, तिचं उत्तर इथे प्रयोगाच्या रचनेतच होतं.

आपल्याकडे स्टेम सेलची खरी परंपरा रक्ताची. 1983 मध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमियाच्या एका लहान मुलीवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं, ते भारतातलं पहिलं. 2001 मध्ये अमेरिकन सरकारने संशोधनाला मान्य असलेल्या गर्भमूळपेशींच्या वंशांची यादी काढली, तेव्हा त्यात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात आणि बंगळुरूच्या एनसीबीएसचे तीन वंश होते. सुरुवात अशी जोमदार होती. पुढे मात्र जुन्या अविश्वासाची जागा उतावळ्या विश्वासाने घेतली. मेंदूचा कुठलाही आजार सांगा, स्टेम सेलची सुई हजर, असे फलक मोठ्या शहरांत झळकू लागले. चोपड्याचा किंवा शिरपूरचा बाप एकर-दोन एकर विकून तिथे पोचतो तेव्हा त्याला काळ्या ठिपक्यांचा इतिहास कुणी सांगत नाही. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्वच्छ आहेत. रक्ताच्या ठरावीक विकारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजुरी मिळालेल्या चाचणीत करायचा आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पैसे मागितले गेले, तर ती चाचणी नव्हे.

तिकडे जमिनीवरचं काम वेगळंच पडून आहे. आपल्या भागात मेंदूत फीतकृमीच्या अळ्या जाऊन गाठी होणं हे आकडीचं मोठं कारण आहे. या कृमीची अंडी नीट न धुतलेल्या भाजीतून आणि मळलेल्या हातांतून पोटात जातात, त्यामुळे जन्मात मांस न खाल्लेल्यालाही हा आजार होतो. संडास, स्वच्छ पाणी आणि हाउप्टमानची शंभर वर्षांपूर्वीची गोळी न चुकता मिळणं यांनी खान्देशातले जितके झटके थांबतील, तितके येत्या काही वर्षांत कुठलीही मूळपेशी थांबवणार नाही.

2011 मध्ये स्पेनचा प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार आल्टमन यांना मिळाला, शोधानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. तो त्यांनी अल्वारेझ-बुइया आणि इटलीचे जाकोमो रिझोलाती यांच्यासोबत घेतला. यादीत दास यांचं नाव नव्हतं. आल्टमन 2016 मध्ये वारले. अल्वारेझ-बुइया, रुबेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या न्यूरोना या कंपनीने 2022 मध्ये गोळ्यांना दाद न देणाऱ्या आकडीच्या पहिल्या रुग्णाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये एमआरआयच्या आधाराने बारीक सुई घालून आवरणाऱ्या पेशी सोडल्या. त्या रुग्णाला आधी महिन्याला सरासरी 32 झटके येत होते. वर्षभराने ते नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचं कंपनीने कळवलं. परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरुवातीला घ्यावी लागतात, आणि आकडीच्या जुन्या गोळ्याही सुरूच राहतात.